पर्जन्यछायेतील परसबाग : आधी पाणी, मग झाड

बारामती, फलटण, सांगोला, सिन्नर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातलाही मोठा भाग मोजक्या दिवसांत, जोरदार सरींनी येऊन जातो. पुढचे आठ महिने घराभोवतीची बाग बोअर, नळ नाहीतर टँकर यांच्या भरवशावर तग धरते. अशा ठिकाणी नवे घर बांधणारा माणूस बहुधा आधी रोपवाटिकेत जातो, आवडतील ती रोपे घेऊन येतो आणि पाण्याचा विचार फेब्रुवारीत रोपांनी माना टाकल्यावर करतो. या लेखातला क्रम याच्या उलट आहे. आधी पाण्याची वाट ठरवावी, मग माती झाकावी आणि रोपे सर्वांत शेवटी आणावीत. पक्षी, फुलपाखरे आणि बेडूक यांना बोलावणे धाडावे लागत नाही. ओल, खाद्य आणि आडोसा या तीन गोष्टी जिथे टिकतात तिथे ती आपण होऊन येतात.

या पद्धतीला ‘पर्माकल्चर’ हे नाव १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी दिले आणि १९७८ साली ती पुस्तकरूपाने मांडली. छप्पर, मोरी, उतार, सावली, झाडे आणि प्राणी यांचा सांधा असा जुळवायचा की एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याच्या कामी यावे, एवढाच तिचा गाभा आहे. मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ लावणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात नवे काही वाटले नसते. गोव्यातले कुळागर, म्हणजे पोफळी, माड, केळी आणि मिरवेल यांची एकाखाली एक रचलेली बाग, हाही त्याच जातीचा विचार आहे. मात्र कुळागराच्या मागे पाटाचे किंवा झऱ्याचे पाणी असते, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलून देशावर आणता येत नाही. इथली बाग इथल्या पावसाच्या मापानेच बेतली पाहिजे.

पावसात उभे राहून पाहणे

जागा ताब्यात आल्यावर शक्य असेल तर एक पावसाळा काहीही न लावता जाऊ द्यावा. तेवढा धीर नसेल तर निदान वळवाच्या दोन-तीन सरी छत्री घेऊन अंगणात उभे राहून पाहाव्यात. पाणी कुठून आत येते, कुठे साचते, कुठल्या कोपऱ्यातून शेजारच्या प्लॉटमध्ये किंवा रस्त्यावर निघून जाते आणि जाताना माती कुठली नेते, हे सगळे अर्ध्या तासात दिसते. पाणी वाहते त्या रेषेवर राखेने किंवा चुन्याने खुणा कराव्यात, कारण ऊन पडल्यावर तीच जमीन सपाट भासते. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता भिंतीची सावली कुठवर पोहोचते आणि पावसाळी वारा कुठल्या बाजूने झोडपतो, याचीही याच वेळी नोंद ठेवावी.

यानंतर हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. समजा, जागा तीन गुंठ्यांची आहे आणि घराचे छप्पर ९०० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर आहे. ५०० मिलिमीटर पावसात त्या छपरावर जवळजवळ ४२ हजार लिटर पाणी पडते आणि उडणे, सांडणे, मुरणे वजा जाता त्यातले ३३ हजार तरी हाती लागू शकते. दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून उरतील एवढे हे पाणी आपण एरवी गटारात सोडतो. ते सगळे टाकीत साठवण्याचा खर्च बहुतेकांना परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. हजार-दोन हजार लिटरची एक टाकी पागोळीखाली ठेवावी, मोसमाच्या पहिल्या एक-दोन सरींचे धुळीचे आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे पाणी बाहेर सोडून मग ती भरू द्यावी, तिचे तोंड बारीक जाळीने किंवा फडक्याने घट्ट बांधावे आणि बाकीचे पाणी जमिनीत उतरवावे. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज जवळजवळ सेंटिमीटरभर खाली जाते. पालापाचोळ्याने झाकलेल्या मातीतल्या पाण्याला असा फटका बसत नाही.

समतल चर

पाणी जमिनीत उतरवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे समतल चर. पाणलोटाच्या कामांत डोंगरउतारांवर जे सलग समतल चर खणतात, त्यांचीच ही घरगुती आवृत्ती आहे. चर उताराला आडवा आणि तळाशी सगळीकडे एकाच पातळीत हवा. पातळी डोळ्यांनी ठरवू नये. माझा पहिला चर मी नजरेच्या अंदाजाने खणला होता. पहिल्याच मोठ्या सरीत पाणी एका टोकाला धावले, बांध फुटला आणि शेणखत घालून तयार केलेला वाफा पार कुंपणाबाहेर गेला. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी या कामाला पुरते. दोन काठ्यांना नळीची दोन टोके बांधावीत, दोन्हीकडचे पाणी काठीवरच्या एकाच खुणेला येईल अशा जागा दर पाच-सहा फुटांवर शोधाव्यात आणि तिथे खुंट्या ठोकाव्यात. खुंट्यांना जोडणारी रेषा बहुधा वाकडीतिकडी येते. ती तशीच ठेवावी.

तीन गुंठ्यांत तीस फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल असे दोन चर सहज बसतात. अशा एका चरात सुमारे पावणेतेराशे लिटर पाणी मावते. ३० मिलिमीटरची एक दांडगी सर ९०० चौरस फुटांच्या छपरावरून सुमारे अडीच हजार लिटर पाणी देते, म्हणजे पागोळीचे पाणी पन्हळीतून या दोन चरांत सोडले तर एका सरीचे पाणी आवारातच राहते. चरातून निघालेली माती उताराकडच्या बाजूला बांध म्हणून रचावी, ती पायाने चांगली दाबावी आणि चराच्या एका टोकाला बांधापेक्षा चार बोटे खाली दगड बसवून सांडवा ठेवावा. सांडवा नसलेला चर कधी ना कधी फुटतोच. वरच्या चराचा सांडवा खालच्या चरात आणि खालच्याचा शोषखड्ड्यात काढावा.

खणण्यापूर्वी मातीची परीक्षा आवश्यक आहे. फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, आटल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. तासाला इंचभर किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर चर उत्तम चालेल. मुरमाड जमिनीत बहुधा असेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच असेल तर ती चिकण काळी माती आहे आणि तिथे खोल चर म्हणजे डासांची सोय. अशा जमिनीत चर उथळ आणि रुंद ठेवावा आणि झाडे त्याच्या काठच्या उंचवट्यावर लावावीत. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून घराच्या पायापासून दहा फुटांच्या आत कुठलाही चर किंवा शोषखड्डा घेऊ नये. हे काम वैशाखात, रोहिणीच्या आधी उरकावे. ओल्या मातीत फावडे चालवले की तिची ढेकळे होतात आणि ती दगडासारखी वाळतात.

माती झाकणे

शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, मूठ दाबली तर गोळा होतो पण बोट लावताच तो फुटतो, ती अवस्था वर्षातले जास्तीत जास्त दिवस टिकवणे हे बागेतले खरे काम आहे. त्यासाठी आच्छादनासारखा दुसरा उपाय नाही. उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, वाळके गवत किंवा रस्त्याकडेचा पालापाचोळा, जे फुकट मिळेल ते चार बोटे जाडीचे पसरावे आणि दोन-तीन महिन्यांनी त्यावर नवा थर द्यावा. मार्चमध्ये शहरात जागोजागी पाने जाळली जातात. झाडलोट करणाऱ्या ताईंना दोन रिकामी पोती दिली की त्या ती भरून ठेवतात, त्यांचाही जाळण्याचा त्रास वाचतो. गाजरगवतसुद्धा फुलावर येण्याआधी उपटले तर आच्छादनाला चालते, मात्र अंगाला खाज सुटत असेल तर हातमोजे घालावेत.

आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते. घराच्या भिंतीलगत दोन-तीन फूट जमीन उघडी आणि स्वच्छ ठेवावी. पालापाचोळ्यात बेडूक येतात, बेडकांमागे साप येतात. बहुतेक वेळा ती धामण किंवा एखादी बिनविषारी जात असते, पण घोणस आणि मण्यार याच भागात राहतात, म्हणून रात्री बागेत जाताना विजेरी आणि बूट लागतातच, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो हलवून पाहावा. आणखी एक अपवाद असा की सगळी बाग झाकू नये. कितीतरी एकट्या राहणाऱ्या मधमाश्या उघड्या, उन्हाळलेल्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांच्यासाठी एखाद्या कोरड्या कोपऱ्यात चार-पाच हात जागा मोकळी सोडावी.

पहिल्या वर्षी झाडे छोटी असताना मोकळ्या जागेत मृगाच्या पावसावर ताग पेरावा आणि तो फुलावर येताच, म्हणजे सुमारे ४० ते ४५ दिवसांनी, कापून जागीच पसरावा. एक ओळ मात्र फुलू द्यावी. ताग आणि त्याचा रानटी भाऊबंद खुळखुळा यांच्या सुकलेल्या फांद्यांवर ‘टायगर’ कुळातली नर फुलपाखरे गर्दी करतात. मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी द्रव्ये ती या वनस्पतींतून मिळवतात.

मडके

उन्हाळ्यात भाजीपाला आणि पहिल्या दोन वर्षांची रोपे जगवण्यासाठी मटका सिंचन करावे. ठिबक वाईट नाही, पण तीन गुंठ्यांत तिच्या नळ्या खारी कुरतडतात, खाऱ्या पाण्याने छिद्रे बुजतात आणि आठवडाभर गावाला गेले की कुणीतरी कॉक उघडणारा लागतो. मडक्याला यातले फारसे काही लागत नाही.

आठ-दहा लिटरचे, रंग न लावलेले मातीचे मडके घ्यावे. बाजारात चकचकीत रंगवलेले माठ मिळतात ते या कामाला उपयोगाचे नाहीत, कारण रंगाने छिद्रे बंद होतात. आणल्यावर ते पाण्याने भरून सावलीत ठेवावे. तासाभरात बाहेरची बाजू ओलसर गडद झाली, हात लावल्यावर गार लागली, की मडके पाझरते आहे असे समजावे. एका जागी थेंब गळत असेल तर तडा आहे. मडक्यापेक्षा वीतभर रुंद खड्डा घेऊन त्यात निम्मी माती आणि निम्मे शेणखत घालावे, मडके गळ्यापर्यंत पुरावे, बाजूची माती हलक्या हाताने दाबून मडक्याच्या अंगाला चिकटवावी. मध्ये पोकळी राहिली तर पाणी मातीत ओढले जात नाही. तोंडावर परळ उपडी घालून वर दगड ठेवावा. झाकण नसेल तर त्यात डास अंडी घालतील, आणि डेंग्यूच्या डासाला असे स्वच्छ साठलेले पाणीच आवडते. मडक्याभोवती हात-दीड हाताच्या परिघात दोडका, कारले, काकडी, वांगी, मिरची लावावी. माती ओली असेल तर पाणी मडक्यातच थांबते, कोरडी झाली की ती ते ओढून घेते, त्यामुळे हिवाळ्यात भरलेले मडके आठवडाभर पुरते तर मे महिन्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरावे लागते. बोअरचे पाणी जड असेल तर वर्षातून एकदा मडके उकरून काथ्याने घासून घ्यावे. झाडांसाठी मडके रोपाच्या वरच्या अंगाला दोन फुटांवर पुरावे आणि दोन वर्षांनी काढावे, नाहीतर मुळे त्याला फोडतात.

अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी केळीकडे वळवावे. मोरीपासून उताराच्या बाजूला पाच-सहा फूट व्यासाचा आणि दोन-अडीच फूट खोल गोल खड्डा घ्यावा, निघालेल्या मातीची कडेने पाळ करावी, खड्डा काटक्या, पालापाचोळा आणि गवताने शिगोशीग भरावा आणि पाळीवर केळीचे चार-पाच मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिले, आणि मध्ये अळू आणि कर्दळ लावावी. माणशी एक बादली धरली तरी चौघांच्या घरात रोज ६० ते ८० लिटर पाणी निघते आणि ते केळी पिऊन टाकते. कपड्यांची पावडर बेताने वापरावी, कारण तिच्यातल्या सोडियमने माती आवळते. हे पाणी टाकीत साठवू नये, एका दिवसात त्याला घाण येते. आणि कच्च्या खायच्या भाज्यांना ते कधीही देऊ नये. स्वयंपाकघरातले तेलकट पाणी वाळू आणि खडीच्या छोट्या गाळणीतून गेल्याशिवाय इकडे सोडू नये, संडासाचे तर मुळीच नाही.

कुणासाठी काय लावावे

आता रोपे आणावीत, आर्द्रात दोन चांगले पाऊस झाल्यावर. पश्चिमेला शेवगा आणि हादगा लावावा, दोन्ही लवकर वाढतात आणि उन्हाळ्यातल्या उतरत्या उन्हाला अडवतात. कुंपणाला करवंद, मेंदी, निरगुडी आणि अडुळसा यांची मिश्र ओळ करावी. निरगुडी आणि अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, करवंदाचे काटे बाकीच्यांना थोपवतात आणि आत बुलबुलांना घरटे बांधायला बिनधोक जागा मिळते. चरांच्या बांधावर सीताफळ, आवळा, लिंबू आणि कढीपत्ता लावावा. पाटा-वरवंट्याच्या अंतरावर, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारापाशी, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा आणि रोज खुडायच्या पालेभाज्या असाव्यात. जे रोज लागते ते दूर लावले की त्याकडे दुर्लक्ष होते.

घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे खूप येतात म्हणून ती लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नये. पक्षी तिच्या बिया रानात नेऊन टाकतात आणि तिथे ती दुसरे काही उगवू देत नाही. मधासाठी तुळस, एकदांडी आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारा तेरडा पुरेसे आहेत. फुलपाखरांना मधापेक्षा अळ्यांचे खाद्य अधिक नेमके लागते. रुईवर प्लेन टायगर अंडी घालते, पानफुटीवर रेड पायरो, कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर, आणि लिंबू-कढीपत्त्यावर मॉर्मन कुळातली फुलपाखरे, ज्यांतले ब्लू मॉर्मन हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे.

कढीपत्त्याच्या पानावर चिमणीने शिटल्यासारखा पांढरट-तपकिरी ठिपका दिसला तर तो पुसू नये. नीट पाहिले तर त्याला डोके असते. चार-पाच दिवसांत त्याच अळीची हिरवीगार, बोटाच्या पेराएवढी अळी होते, आणि काडीने डिवचले तर तिच्या डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुशिंगी इंद्रिय बाहेर येऊन उग्र वास सुटतो. फुलपाखरू हवे पण अळी नको, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. झाड मोठे असेल तर फांदीभर पाने गेल्याने त्याचे काही बिघडत नाही, आणि शिंपी व दयाळ हे पक्षी आपल्या पिलांसाठी याच अळ्या उचलतात, त्यामुळे संख्या आपोआप आटोक्यात राहते. कीटकनाशक एकदा फवारले तर अळ्यांबरोबर त्यांना खाणारेही जातात. मावा फारच वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, आणि अगदीच गरज पडली तर निंबोळी अर्क संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, फक्त लागण झालेल्या फांदीवर मारावा.

पाणवठ्यासाठी मातीची उथळ परात पुरते. पाणी दोन बोटांहून खोल नसावे, मध्ये एक दगड असावा, आणि परात झुडपापासून पाच-सहा फूट दूर ठेवावी, म्हणजे दबा धरून बसलेले मांजर पक्ष्यांना आधीच दिसते. पाणी रोज बदलावे. जागा असेल तर चार बाय तीन फुटांचे, दीड फूट खोल डबके करावे, एका बाजूने दगडांचा उतार ठेवावा म्हणजे आत पडलेली खार किंवा सरडा बाहेर येऊ शकेल, आणि त्यात वेखंड व कुमुदिनी लावावी. मे महिन्यात त्यात रोज अर्धी-पाऊण बादली भर घालावी लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे. तेवढे पाणी नसेल तर परातीवरच थांबावे. डबके स्थिरावले की चतुर आणि टाचण्या हे कीटक तिथे अंडी घालतात आणि त्यांची पिले डासांच्या अळ्या फस्त करतात. तोवर गप्पी मासे सोडले तरी चालतील, पण डबके ओसंडून ओढ्याला मिळत असेल तर मुळीच सोडू नयेत, कारण ते परके मासे तिथल्या स्थानिक जातींना जड जातात. वाळलेले एखादे जाड खोड कोपऱ्यात तसेच पडू द्यावे. काळे भुंगे त्यात भोके पाडून राहतात. रात्रभर जळणारा बाहेरचा दिवा बंद ठेवावा, पतंग त्याच्याभोवती थकून मरतात.

हस्ताचा पाऊस संपला की शेवटचा जाड आच्छादनाचा थर द्यावा, कारण तोवर मिळालेली ओलच उन्हाळ्यापर्यंत पुरवायची असते. जानेवारीनंतर दर पंधरा दिवसांनी पाचोळा बाजूला सारून वीतभर खाली बोट घालून पाहावे. माती गार लागत असेल तर पाणी देऊ नये, पाने दुपारी थोडी मलूल दिसली तरी. संध्याकाळी ती सावरतात. दुसऱ्या वैशाखात चरात साचलेला गाळ काढून झाडांच्या आळ्यांत घालावा, सांडव्याचे दगड पुन्हा बसवावेत, फुटलेली मडकी मोजावीत आणि पाण्याची नळी घेऊन बांध कुठे खचला आहे का ते तपासावे.